झोपाळ्याखालची जमीन

परीक्षा आटोपून शाळांना सुटी लागली, कीं घराघरांतील मुलांची संध्याकाळ बागेकडे वळते. मोठ्या कुटुंबांतून तर एक लहानसा लवाजमाच निघतो: चार-पांच मुलें, त्यांस सांभाळावयास आजोबा, आणि परत येतांना भेळेचें आश्वासन. मुलें बागेंत गेलीं म्हणजे घरांत दीड-दोन तास शांतता नांदते, आणि गृहिणींस ती किती हवीशी असते, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या बागेच्या भरंवशावर आपण मुलें सोंपवितों, ती त्या भरंवशास कितपत पात्र आहे, हें पाहाण्याची चाल आपल्याकडे अद्यापि पडलेली नाहीं. म्हणून या खेपेस त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे.

बागेंत शिरतांच बहुतेकांची दृष्टि खेळण्यांवर जाते. झोपाळ्यांस नवा रंग दिला आहे, घसरगुंडी हत्तीच्या आकाराची आहे, फाटकाशीं कोनशिलेवर ज्यांच्या निधींतून हें सर्व झालें त्यांचें नांव ठळक अक्षरांत कोरलें आहे, एवढें पाहून आपण संतुष्ट होतों. झोपाळ्याखालीं काय आहे, हें मात्र कोणी पाहात नाहीं. तेथें पुष्कळदां सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसविलेले असतात. ते झाडावयास सोपे, पावसाळ्यांत चिखल होऊं देत नाहींत, आणि दिसतातहि नीटनेटके. पण पांच वर्षांच्या मुलाचें डोकें त्यांवर आपटलें तर काय होईल, हा विचार ते बसविणाऱ्याच्या मनास शिवलेला दिसत नाहीं.

अमेरिकेच्या ग्राहकवस्तु-सुरक्षा आयोगानें सार्वजनिक क्रीडांगणांविषयींची मार्गदर्शिका १९८१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली व पुढें ती वेळोवेळीं सुधारली. तींत मोठा भर आहे तो या खालच्या जमिनीवर. कारण क्रीडांगणांत मुलांना होणाऱ्या इजांपैकीं बहुतेक पडण्यामुळें होतात. तिच्या हिशेबानें ९ इंच जाडीचा वाळूचा थर ४ फुटांवरून पडणाऱ्या मुलास पुरतो. तितक्याच जाडीचा लांकडाच्या ढलप्यांचा थर १० फुटांपर्यंत उपयोगी पडतो. साधी हिरवळ अथवा चोपून घट्ट झालेली माती यांस ती संरक्षक मानीत नाहीं. मग काँक्रीटची गोष्ट बोलावयासच नको.

ही विलायती कल्पना आहे, असें मात्र कोणी समजूं नये. एखाद्या जुन्या तालमींत जाऊन पाहावें. हौद्यांतील तांबडी माती चाळून घेतलेली असते, तींत तेल, ताक, हळद मिसळलेली असते, आणि ती रोज खणून भुसभुशीत केल्याखेरीज वस्ताद कोणास आंत उतरूं देत नाहींत. शंभर किलो वजनाच्या पहिलवानाची पाठ टेकावयाची, तिच्यासाठीं एवढी सिद्धता. आणि ज्यांचीं हाडें अजून कोंवळीं आहेत त्यांच्यासाठीं फरशी!

वाळू घातली म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. झोपाळ्याखालीं पाय घासून खड्डा पडतो; जेथें ती अधिक हवी, नेमकी तेथूनच वाळू बाजूस सरते. पावसानें ती दबते, कुत्रीं-मांजरें तींत घाण करतात, कांचेचे तुकडे सांपडतात. तिला वरचेवर खोरें लावणारा मनुष्य हवा, आणि हाच मनुष्य आपल्या बागांतून दुर्मिळ. उद्घाटनास पैसा मिळतो, डागडुजीस मिळत नाहीं, ही आपली जुनी रीत.

ही रीत कोठवर नेते, तें २०२४ च्या मार्च महिन्यांत मुंबईंत दिसलें. वडाळ्याच्या महर्षि कर्वे उद्यानांत गेलेले चार व पांच वर्षांचे दोन सख्खे भाऊ तेथल्या पाण्याच्या टाकींत पडून मरण पावले. टाकीस पक्कें झांकण नव्हतें. मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. येथें दोष झोपाळ्याचा नव्हता, घसरगुंडीचाहि नव्हता. नव्हतें तें एक झांकण.

कोणी म्हणतील, आमच्या लहानपणीं असली तपासणी कोणी केली होती? मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान १९५२ सालचें. तेथल्या म्हातारीच्या बुटांत चढलेलीं मुलें आज स्वतः आजी-आजोबा आहेत, आणि धडधाकट आहेत. या आक्षेपांत तथ्य आहे. मुलास कापसांत गुंडाळून ठेवावें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथें १९४३ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, सोरेन्सेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेवरून एक क्रीडांगण निघालें. त्यांत तयार खेळणीं ठेवलींच नाहींत. मुलांना फळ्या, विटा, हत्यारें देऊन हवें तें बांधूं दिलें, आणि देखरेखीस एक जाणता मनुष्य नेमला. हातोडी आपल्या बोटावर बसेल, हें मुलास दिसतें. फांदी उंच आहे, हेंहि दिसतें. आणि जें दिसतें त्याच्याशीं तें आपली शक्ति अजमावूं शकतें. पण आंतून गंजलेला खिळा, झिजलेली सांखळी, दिव्याच्या खांबाची उघडी पडलेली तार, हीं त्यास दिसत नाहींत. कठड्याच्या दोन गजांमधील अंतर साडेतीन इंचांहून अधिक व नऊ इंचांहून कमी असेल, तर मुलाचें अंग पायांकडून पार होतें आणि डोकें अडकतें; हें तर पुष्कळ वडील मंडळींसहि ठाऊक नसतें. असले धोके काढून टाकावयाचे ते मुलास अधिक मोकळेपणीं चढूं देतां यावें म्हणूनच.

आतां थोडें घरच्यांविषयीं. धाकट्या नातवास मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरणें हें आजोबांस प्रेमाचें व सुरक्षित वाटतें. पण तें तसें नाहीं. मुलाचा पाय कडेस अडकतो. तें एकटें असतें तर तेथेंच थांबलें असतें. परंतु मागून मोठ्या माणसाचें वजन येत असतें, आणि नडगीचें हाड पिळवटून मोडतें. अशी पुष्कळ उदाहरणें वैद्यांच्या नोंदींत आहेत. मुलास एकट्यास घसरतां येत नसेल, तर त्यानें अजून वर्षभर वाळूंत खेळावें. गळ्यांतील ताइताचा दोरा, कानटोपीची नाडी, मुलींची ओढणी, हीं घसरगुंडीच्या माथ्यावर अडकून फांस बसतो. तीं घरींच काढून ठेवावींत. ताइताविषयीं घरांतील वृद्ध स्त्रिया रागावतील. पण तो दंडास बांधला तरी चालतो, एवढें त्यांस नम्रपणें सुचवावें. वैशाखांत लोखंडी घसरगुंडीस आधीं आपला तळहात लावून पाहावा. आणि मोठ्यांच्या व्यायामाचीं जीं यंत्रें अलीकडे बागांतून मांडलीं आहेत, त्यांच्या सांध्यांत चिमुकलीं बोटें चिरडतात. तेथून मुलांस दूर ठेवावें.

उणीव आढळली तर घरीं येऊन केवळ हळहळूं नये; नगरपालिकेच्या कार्यालयास पत्र लिहावें. आमच्या घरांत निवृत्त, लिहिते-वाचते वडील असतात. त्यांच्या सुंदर अक्षराचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं. मात्र ‘बागेची दुरवस्था झाली आहे’ असें मोघम लिहूं नये. ‘फाटकाकडील तीन झोपाळ्यांपैकीं मधल्याची डावी सांखळी झिजली आहे, खालीं फरशी आहे, अमुक तारखेस पाहिलें’ असें लिहावें, शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्याव्यात, आणि पोंच हातीं पडल्यावांचून परतूं नये. सांखळी बदलेपर्यंत तो झोपाळा वरच्या दांडीस गुंडाळून बांधून ठेवण्यास माळ्यास सांगावें. गोडीनें सांगितलें, तर बहुधा तो तेवढें त्याच संध्याकाळीं करतो.