‘कोणीतरी येईलच’ या भरवशावर मुलांचा वर्ग चालत नाही



एरवी मी इथे निबंध आणि व्याकरणाबद्दल लिहिते. आज मात्र रविवारच्या शाळेबद्दल लिहिणार आहे.

सोमवार ते शनिवार मी डोंबिवलीत शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये. आमच्यातले जुने लोक अजूनही ‘शब्बाथ शाळा’च म्हणतात. मोठ्यांची उपासना चालू असते, तेव्हा मागच्या खोलीत चार ते चौदा वर्षांची तीस-पस्तीस मुलं असतात. गाणी, बायबलमधली गोष्ट, वचनाचं पाठांतर, थोडी चित्रकला आणि डिसेंबर आला की नाताळचं नाटक. हे सगळं चालवायला माणसं लागतात आणि माणसं मिळत नाहीत. ठाणे, कल्याण, अंबरनाथच्या ओळखीच्या मंडळींतही हीच रड ऐकू येते.

दरवर्षी जूनमध्ये उपासनेच्या शेवटी सूचना दिली जाते, “मुलांच्या वर्गासाठी स्वयंसेवक हवे आहेत. इच्छुकांनी नावे द्यावीत.” सगळे माना डोलावतात. बाहेर चहा पिताना “फार चांगलं काम आहे हो तुमचं” असंही म्हणतात. नाव मात्र एकही येत नाही. मग मागच्या वर्षी ज्या दोन बाया दमल्या होत्या, त्याच पुन्हा उभ्या राहतात. त्यातली एक बहुतेक मीच.

बरीच वर्षं मला वाटायचं, लोकांना मुलांची पडलेली नाही. आता तसं वाटत नाही. आपली मागण्याची पद्धत चुकते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवार कुणाचा असतो?

आपल्या भागातल्या माणसाचा आठवडा आठवून पाहा. सकाळी सातच्या आत घर सोडायचं, लोकलमध्ये लोंबकळत दादर नाहीतर सीएसएमटी गाठायचं, रात्री नऊला परत. हातात एकच रविवार. त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, सोसायटीची मीटिंग, गावाकडचे पाहुणे. अशा माणसाला ‘दर रविवारी, वर्षभर, अमर्याद काळासाठी या’ असं सांगितलं तर तो नाही म्हणणारच. त्याला काम नकोय असं नाही, त्याला त्या कामाचा शेवट दिसत नाही.

गंमत म्हणजे संडे स्कूलची सुरुवातही रविवारच्या सुट्टीतूनच झाली. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारी शाळा सुरू केली. तिथे धर्माबरोबर वाचायलाही शिकवत. आणि तिथे शिकवणाऱ्या बायकांना ते दिवसाला एक शिलिंग मेहनताना देत! विनामोबदला सेवेची प्रथा नंतर रुजली. आपण शिलिंग देत नाही, ठीक आहे. पण मग माणसाच्या वेळेची कदर तरी करायला हवी.

“मला कुणी विचारलंच नाही”

गेल्या वर्षी मी सूचनेची वाट पाहिली नाही. मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेले असतात. त्यांना म्हटलं, “काका, मुलं आत येताना-जाताना वहीत नाव आणि वेळ लिहायची आणि घ्यायला कोण आलंय ते बघायचं. महिन्यातून दोन रविवार. नोव्हेंबरपर्यंत. जमेल?”

काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “बाई, पंचवीस वर्षं या मंडळीत आहे. मला कुणी विचारलंच नाही कधी.”

खरं सांगते, मला लाज वाटली. मुलांचं काम म्हटलं की आपण फक्त बायकांकडे बघतो. त्यातही जी शिक्षिका असेल तिच्याकडे आधी. दिवसभर शाळेत घसा कोरडा करणारीलाच रविवारी पुन्हा खडू देतो आणि वेळेच्या बाबतीत घड्याळालाही लाजवेल असा माणूस पायरीवर रिकामा बसलेला असतो.

पण आलेल्या प्रत्येकाला घ्यायचं का?

नाही. इथे मला सगळ्यात ठामपणे बोलायचं आहे.

माणसं कमी असली की आपण निवड करणं सोडून देतो. जो येईल तो देवदूत वाटतो. दोन वर्षांपूर्वी मंडळीत नवीनच आलेल्या एका तरुणाने आपणहून मुलांना शिकवायची तयारी दाखवली. मला तर आनंदच झाला होता. पण आमचे पाळक म्हणाले, “सहा महिने थांबू. आधी माणूस ओळखू, आधीच्या मंडळीत विचारू.” तो तरुण नाराज झाला आणि पुढे यायचाच बंद झाला. कदाचित अगदी भला माणूस असेल. त्याचं मन दुखावलं याचं मला आजही वाईट वाटतं. तरीही पाळकांचा निर्णय बरोबर होता, असंच मी म्हणेन.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार आपण विसरलेलो नाही. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि आपल्या मार्गावरच्या गाड्या तासन्‌तास ठप्प झाल्या. त्यानंतर शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी याबाबत आदेश काढले. पण ते आदेश शाळांसाठी. रविवारच्या वर्गाची पडताळणी आपल्यालाच करावी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या बरोबरीने धार्मिक संस्थेचाही उल्लेख आहे. तिथल्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी व्यक्तीने केलेला लैंगिक गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. आणि अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी नको, आपसात मिटवू’ ही वाट कायद्याने बंद आहे.

आम्ही काय बदललं?

१. काम लहान केलं. गोष्ट सांगणं, गाणी, हजेरी, खाऊ, साहित्य अशी वेगळी कामं वेगळ्या माणसांकडे दिली. गाता न येणारा माणूस कागद कापू शकतो.

२. मुदत ठेवली. जून ते नोव्हेंबर आणि मग डिसेंबर ते एप्रिल. मुदत संपली की “पुढे चालू ठेवायचं की विश्रांती?” असं आपणच विचारायचं. विश्रांती घेणाऱ्याला टोमणा नाही.

३. समोर बसून विचारलं. ‘तुम्हालाच का विचारते आहे’ हे कारणासकट सांगितलं.

४. नवीन माणसाला मंडळीत किमान सहा महिने झालेले हवेत आणि ओळखीच्या दोघांनी त्याच्याबद्दल सांगायला हवं. हा नियम पंचांच्या मुलांनाही लागू.

५. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. दहावी-बारावीची मुलं मदतीला जरूर घ्या, पण त्यांना ‘मोठं माणूस’ म्हणून मोजायचं नाही. दोघं नसतील तर त्या रविवारी वर्ग बंद, मुलं आईवडिलांजवळ बसतील.

पाचव्या नियमामुळे पावसाळ्यात दोनदा वर्ग बंद ठेवावा लागला. पालक कुरकुरले. एक आई म्हणाली, “एक तास शांतपणे उपासना करायची म्हटलं तर तेही नाही!” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं, “मग पुढच्या महिन्यात एक रविवार तुम्ही दुसऱ्या ताई व्हाल का?” ती आली. आता खाऊची सगळी जबाबदारी तिच्याकडे आहे.

आज आमच्याकडे आठ माणसं आहेत. फार नाहीत. पण कुणीही एकटं नाही.

पालकहो, तुमचं मूल संस्कार वर्गाला जात असेल, गणेशोत्सव मंडळाच्या नाटकात असेल किंवा सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात, हे प्रश्न तिथेही विचारा. मुलांबरोबर कोण असतं? दुसरं कोण असतं? त्यांना कुणी निवडलं? आणि विचारून झालं की एक वाक्य जोडा, “मी महिन्यातून एकदा येऊ शकते,” किंवा “येऊ शकतो.” नुसते प्रश्न विचारणारे पालक पुष्कळ भेटतात, हे पुढचं वाक्य फार थोडे म्हणतात.

तुमच्याकडे स्वयंसेवक कसे मिळवता, काय जमलं, काय फसलं, जरूर कळवा.