उपवास कशाचा?



राखेच्या बुधवारपासून लेंटचे दिवस सुरू झाले. रविवार सोडले तर ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. आमची मुले शाळेतून येऊन विचारतात, "यंदा काय सोडायचे? चॉकलेट?" मोठी माणसे मटण नाहीतर चहा सोडतात. जरूर सोडावे. पण उपवास तेवढ्यावर संपतो का?

आपल्या कितीतरी आधी एक मराठी विधवा लहान वयाच्या मुलीला घेऊन या देशात आली होती. त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टरांचे लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होते. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. यांच्यासाठी तुम्ही हे का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईकडे प्रभू येशूने पाणी मागितले आणि पुढे तिनेच साऱ्या गावाला त्याच्याविषयी सांगितले.

रमाबाई हे विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा वाचवून आणल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली, आणि तिथेच टाकलेल्या बायकांसाठी 'कृपासदन'ही. चर्च ऑफ इंग्लंड दर ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते.

आता आपल्याकडे पाहू. घटस्फोट झालेली मुलगी कार्यक्रमाला आली की आपल्या गप्पा थांबतात. मार खाऊन घर सोडलेल्या बाईला आपण "जरा समजुतीने घ्यायचे होते" असे सांगतो. मग त्या गणपतीला येत नाहीत, ईस्टरच्या जेवणालाही नाहीत. आम्हीही अशा घरी फोन करायचे टाळले आहे, हे कबूल करतो.

आमचे मत असे की, या चाळीस दिवसांत चॉकलेटबरोबर हे टाळणेही सोडावे. लेंट हा मूळचा वसंत ऋतूचा शब्द. बाहेर डॅफोडिल फुलत आहेत, संध्याकाळी उजेड रेंगाळू लागला आहे. पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे, तर कोणाचेही आयुष्य संपले असे आम्ही कसे म्हणावे?

तेव्हा फोन आजच करावा. ईस्टरला आपल्या घरी एक ताट जास्त मांडावे. आमच्या हिंदू बंधुभगिनींनीही पाडव्याला तसेच करावे, ही नम्र विनंती.