सर, त्याचे इंजिन कुठले?

मराठी शिकविणाऱ्या माणसाकडे लोक काय घेऊन येतील याचा नेम नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीची नोटीस, कुणाच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचे मानपत्र, हे सारे मी आजवर बिनतक्रार लिहून दिले आहे. पण गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी आमच्या कर्जतच्या घरी आला तो इंग्रजी पानांची भली मोठी चळत काखोटीला मारून.

"सर, एवढं मराठीत करून द्याल का?"

पाने होती एका इंजिनाची. ते खोलावे कसे, मोजावे कसे आणि पुन्हा बांधावे कसे, याची. बरे, इंजिन मोटारीचे असले तरी ते मोटारीत बसवायचे नव्हते. ते बसवायचे होते विमानात, आणि विमान तो स्वतः बांधणार होता! आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता माझ्याकडे असे पाहिले, की जणू ही कल्पना त्याच्या डोक्यात मीच भरली. ते किती खरे होते, हे मला पुढे कळले.

या मुलाचे खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेज आहे. घाट चढताना तापलेले ट्रक हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. "इंग्रजी मी कसंबसं वाचतो, पण हाताखालच्या पोरांना येत नाही. आणि यात माप चुकून चालत नाही," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी खोपोलीची लोकल धरली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी... पावसाने धुतलेले डोंगर पाहत मी 'रोटरी' शब्दाला प्रतिशब्द शोधीत होतो.

या नावाची इंजिने दोन जातींची. पहिली जात पहिल्या महायुद्धातल्या विमानांची. तिच्यात पंख्याबरोबर सगळे इंजिनच गरगर फिरे आणि वंगण म्हणून चक्क एरंडेल घालीत! लहानपणी नाक दाबून जे मी प्यालो त्यावर विमाने उडत होती, हे वाचून मला उगाच मोठे झाल्यासारखे वाटले. दुसरी जात फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेतून निघाली. तिचे पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत फिरले आणि पुढे जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारींत नांदविले. माझ्या विद्यार्थ्याने मुंबईच्या भंगारवाल्याकडून आणले ते हेच, माझदाचे.

गॅरेजात गोणपाटावर ते खोलून ठेवलेले होते. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर धावतो. इथे फुगीर बाजूंचा एक लोखंडी तिकोन, कमरेत किंचित चेपलेल्या लंबगोल घरात फिरतो. हवा आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, सगळे त्या तिकोनाच्या तिन्ही बाजूंशी आळीपाळीने चालते. झडपा नाहीत. तिकोनाचा एक फेरा होईतो मधला दांडा तीन फेरे घेतो. शक्तीच्या मानाने इंजिन लहान, थरथर कमी, म्हणून हौशी विमानकारांना त्याची भुरळ. अवगुणही आहेत. पेट्रोल फार पिते, तापते फार, आणि दांडा इतका वेगात फिरतो की पंख्यासाठी मध्ये दात्यांची पेटी घालून वेग उतरवावा लागतो.

हे सारे परदेशातलेच खूळ असेही नाही. आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वाहन संशोधन संस्थेने बंगळूरच्या दोन संस्थांच्या साथीने असेच ५५ अश्वशक्तीचे इंजिन केले आणि २००९ साली 'निशांत' हे वैमानिकाविना उडणारे विमान त्यावर कोलारजवळ उडाले.

सारी मेख आहे तिकोनाच्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांत. त्या झिजल्या की दाब गळतो. मी त्यांना 'शिखरपट्टी' असे नाव योजून नेले होते. तो म्हणाला, "सर, आम्ही टोकाची पट्टी म्हणू." मी मुकाट्याने खोडले.

मग त्याने त्या लंबगोल घराच्या आतल्या भिंतीवरून माझे बोट फिरविले. आरशासारख्या मुलाम्यावर एका जागी बारीक खरखर लागली. मुलामा उडाला होता.

"हे बाद," तो म्हणाला.

"एवढ्याशाने?"

"गाडीत खपलं असतं. घाटात गाडी बंद पडली तर चाकाला दगड लावता येतो, सर. वर दगड कुठं लावणार?"

चार महिन्यांच्या कमाईचा तो भाग त्याने बाजूला ठेवला आणि हात पुसता पुसता विचारले, "तुम्ही वर्गात तळपद्यांची गोष्ट सांगायचात ना? चौपाटीवरच्या विमानाची. त्याचं इंजिन कुठलं होतं?"

वाचकहो, ती गोष्ट मी वर्षानुवर्षे टेबलावर मूठ आपटून सांगत आलो आहे. १८९५ साल, शिवकर बापूजी तळपदे, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे! वर्ग टाळ्या वाजवी आणि तास कसा गेला ते कळत नसे. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही, हे मी कधी सांगितले नव्हते. त्या गोष्टीशी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे नाव जोडतात, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासले. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमाने न उडणारी, असा त्यांचा निष्कर्ष. तळपदे अभ्यासू होते, धडपडे होते. पण पाऱ्यावर विमान उडते असे त्या गोणपाटापुढे उभे राहून सांगण्याची माझी छाती झाली नाही.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "उडालं होतं, हेही ठाऊक नाही."

तो रागावला नाही. "मला वाटलंच होतं," एवढेच म्हणाला. ते मला जास्त लागले.

भिंतीवर एक कात्रण चिकटवलेले होते. कांदिवलीच्या चारकोपला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव. २०१६च्या फेब्रुवारीत त्यांचे विमान वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात आले, नोंदणी मिळाली २०१७च्या नोव्हेंबरात आणि चाचणीच्या उड्डाणाचा परवाना २०१९ साली. विमान बांधून झाले तरी कागद हलायला वर्षे लागतात, हे मी त्याला सांगू लागलो, तर त्या कात्रणाखाली त्याने तारखा आधीच लिहून ठेवल्या होत्या.

परवा दसऱ्याला तो आपटा द्यायला आला. इंजिनाचे घर अजून मिळालेले नाही. माझी पाने त्याच्या पोरांनी पाठ केली आहेत. मात्र चौऱ्याहत्तराव्या पानावर एका मापात मी दशांशचिन्ह एक घर चुकविले होते, ते त्यांनीच पकडले. तेवढे पान पुन्हा लिहून द्यायचे आहे.