पूर्ववैभव कोणाचे?

मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी एका शब्दापाशी येऊन स्थिरावते : पूर्ववैभव. २००३ साली हाती घेतलेल्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली. ओतीव लोखंडाचे खांब, मिंटनच्या फरश्या, छताच्या नक्षीवरील सोनेरी वर्ख हे सारे खरोखरच देखणे आहे. कामाच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या शब्दाविषयी.

ज्या वैभवाचा हा जयघोष चालतो, त्याचा आरंभ एका हकालपट्टीने झाला होता. १८५७च्या उठावाच्या धामधुमीत कोटातील बराकींची जागा सैन्यासाठी हवी झाली आणि तेथे मांडलेला पहिला संग्रह उधळला गेला. त्यानंतर जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने वर्गण्या जमल्या. १८६२ मध्ये कोनशिला बसली, १८७२ मध्ये संग्रहालय उघडले. म्हणजे एतद्देशीयांच्या थैल्या मोकळ्या झाल्या, आणि नाव मात्र राणी व्हिक्टोरिया व तिचे पती आल्बर्ट यांचे लागले. भाऊ दाजींचे नाव दारावर यायला १९७५ साल उजाडावे लागले. आत मात्र डेव्हिड ससून यांनी करवून घेतलेला, मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला आल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आजही दिमाखात उभा आहे. तो हलवावा असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. परंतु दारावरचे नाव आणि आतला पुतळा यांच्यामधले ते अंतर हाच या वास्तूतील सर्वांत बोलका ऐवज आहे, याची जाणीव छत पाहून भारावलेल्या किती जणांना होते?

वास्तूच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला नाव दिले, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो फुटला आणि त्याचे तुकडे येथे येऊन पडले. ते सांधले गेले १९१४ मध्ये. पूर्ववैभव हा शब्द वापरणाऱ्यांनी या हत्तीसमोर थोडा वेळ उभे राहावे.

आणि मग आत, मातीच्या त्या मूर्तींपाशी यावे. नाना जातीजमातींची, नाना व्यवसायांची माणसे तेथे लहान आकारात कपाटबंद झाली आहेत. कलाशाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स हे या संग्रहालयाचेही अभिरक्षक होते; त्या काळात हे मूर्तिकाम भरभराटीला आले. कसब असे की पगडीचा एकेक पेच मोजून घ्यावा! पण हे संग्रहालय मुळात देशातील कच्च्या मालाचे, हुन्नरांचे आणि व्यापाराचे होते. त्याच हिशेबाने कापड, धान्य, भांडी यांच्या जोडीला ती पिकवणारा आणि घडवणारा माणूसही एक नमुना म्हणून मांडला गेला. व्यक्तीचे नाव नाही, जातीचे आहे. सुटीच्या दिवशी राणीच्या बागेतून ऊन चुकवत आत शिरणारी गर्दी पाहून रसिकजन नाक मुरडतात. या लोकांना कलेतले काय कळते, असे त्यांचे म्हणणे. वस्तुतः त्या कपाटातील माणसांचे पणतू-खापरपणतू याच गर्दीत असण्याचा संभव अधिक. ते काचेवर बोट ठेवून एकमेकांना काही दाखवतात, हसतात, क्वचित गप्प होतात. जाणकाराच्या मौनापेक्षा ही गडबड त्या मूर्तींच्या अधिक जवळची आहे.

सुदर्शन शेट्टी यांनी २०१० मध्ये आणि जितिश कल्लाट यांनी २०११ मध्ये आपली कामे या जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात मांडली. ऐतिहासिक दालनात आजची कला कशाला, असा सोवळा आक्षेप अशा वेळी हमखास पुढे येतो. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. १८७२ मध्ये येथे ठेवलेला बराचसा माल त्या वेळी ‘आजचा’च होता; पुराणवस्तूंचे देवघर ही या घराची मूळ कल्पना नव्हेच. चित्रकाराने या कपाटांशेजारी आपली वस्तू ठेवून त्यांना प्रश्न विचारला, तर तो घराचा मान राखतो. मान जातो तो मूर्तींना गोंडस बाहुल्या समजून, त्यांचे छायाचित्र घेऊन, नजर छताकडे वळवल्यावर.

मूर्ती काढून टाका, असा सूरही अधूनमधून निघतो. तो मान्य करण्याजोगा नाही. ज्या हातांनी ती बोटे, त्या सुरकुत्या, ते पेच उमटवले, ते हातही याच भूमीतील विद्यार्थ्यांचे आणि कारागिरांचे होते. मूर्ती हलवल्या तर वर्गीकरणाच्या पापाबरोबर त्यांची कारागिरीही कोठारात जाईल. त्या राहाव्यात, लख्ख प्रकाशात राहाव्यात. मात्र कोणी मांडल्या, कशासाठी मांडल्या आणि मातीत हात कोणाचे होते, हे दारातून शिरणाऱ्या प्रत्येकाला, त्याला वाचता येईल अशा मराठीत, सोन्याच्या वर्खाआधी सांगितले गेले पाहिजे.