विश्लेषण : धावपटूंचा स्क्वॉट कमी का भरतो? ताकद कमी, की मांडी लांब?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे अनेक हौशी धावपटू आता जिममध्येही घाम गाळताना दिसतात. त्यात तथ्य आहे. वजनांचा व्यायाम नियमित केल्यास त्याच वेगाने धावायला कमी ऊर्जा लागते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र जिममध्ये शिरताच आकड्यांची तुलना सुरू होते. ‘स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट हवा’ असे एखादे रील सांगते. शेजारचा बुटका मित्र ६० किलो सहज उचलतो आणि उंच धावपटू ५० किलोलाच पुढे झुकतो. हा फरक मेहनतीचाच असेल असे नाही. तो हाडांच्या लांबीचाही असू शकतो.

हाडांच्या लांबीचा संबंध काय?

पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर पेलते. तीच हात लांब करून धरली की काही सेकंदांत खांदा भरून येतो. वजन तेच, फक्त सांध्यापासूनचे अंतर वाढले. वजन गुणिले हे आडवे अंतर, म्हणजे सांध्यावर येणारा टॉर्क. शाळेत शिकलेली तरफ ती हीच.

स्क्वॉटमध्ये तोल सांभाळायचा तर बार पावलाच्या मध्यावर राहावा लागतो. मांडी लांब असली की खुबा जास्त मागे जातो आणि धड पुढे झुकते. समजा, एकाचा खुबा बारच्या रेषेपासून २० सेंटिमीटर मागे आहे आणि दुसऱ्याचा २४ सेंटिमीटर. दुसऱ्याने ५० किलो उचलले तर गुणाकार येतो १२००. पहिल्याच्या खुब्यावर तेवढाच भार यायला ६० किलो लागतील. शरीराचे वजन बाजूला ठेवून केलेले हे ढोबळ गणित आहे, पण चार सेंटिमीटरचा परिणाम त्यातून कळतो. शिवाय उंच व्यक्तीला बार जास्त अंतर वर न्यावा लागतो, तो वेगळाच.

लांब हातपाय म्हणजे तोटाच?

नाही. डेडलिफ्टमध्ये हात लांब असतील तर कमी वाकावे लागते. अमेरिकेचा पॉवरलिफ्टर लमार गँट याने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केला. त्याचे हात लांब होते आणि मणक्याच्या बाकामुळे धड आखूड होते. बेंच प्रेसमध्ये मात्र हेच लांब हात अडचणीचे ठरतात.

धावण्याचा हिशेब आणखी निराळा. प्रत्येक पावलाला पाय पुढे झुलवावा लागतो आणि खुब्यापासून दूर असलेले वजन झुलवायला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे बारीक पोटऱ्या धावपटूच्या फायद्याच्या. म्हणजे स्क्वॉटमध्ये मागे पडणारा सडपातळ बांधा रस्त्यावर उपयोगी पडू शकतो.

मग करायचे काय?

मांडी लांब असेल तर टाचांखाली पातळ प्लेट ठेवून किंवा वजन छातीशी धरून स्क्वॉट करून पाहा. धड जास्त उभे राहते आणि कंबरेवरचा ताण कमी होतो. एक पाय पुढे ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉटही चांगला पर्याय आहे. जमिनीवरून बार उचलताना कंबर गोल होत असेल, तर बार ठोकळ्यांवर ठेवून थोड्या उंचीवरून सुरुवात करा. दुखणे राहिले तर वजन वाढवण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

हाडांची लांबी ही सबबही होता कामा नये. सराव, तंत्र, आहार आणि झोप यांनी ताकद वाढते, ती प्रत्येक बांध्यात. फक्त मोजमाप स्वतःशी हवे. तीन महिन्यांपूर्वी ४० किलोला थरथरणारे पाय आज ५० किलो नीट पेलत असतील, तर ती खरी प्रगती.

खटकते ते एवढेच, की अनेक जिममध्ये सर्वांना एकच तक्ता दिला जातो. तो गाठण्याच्या नादात कोणी कंबर दुखावून घेतो, तर कोणी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून जिम सोडतो. दोन्हींत नुकसान धावण्याचेच. बार खांद्यावर देण्याआधी ट्रेनरने बांधा पाहावा. तो पाहत नसेल, तर तुम्ही विचारा.