उलटा पडलेला नंबर

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन घरी आली. राहायला बदलापूरला, अब्बांचे उल्हासनगरात जीन्स शिलाईचे छोटे युनिट. मुलीने वेबसाइट बनवण्याचा कोर्स केला आणि पहिली वेबसाइट अब्बांच्या कामाचीच केली, मराठीत आणि उर्दूत. “पण टीचर, मराठी वाचणाऱ्यांचे फोन येतात, उर्दूवाल्यांचा एकही नाही,” ती म्हणाली. अब्बांचा निकाल तयार होता: आपली माणसे असले काही बघत नाहीत, फी वाया गेली, धाकटीला हा कोर्स नको.

मी काही कोडिंगची जाणकार नाही. उर्दूची ओळ सवयीने मोठ्याने वाचली, मग मराठीची. नंबर वेगळे! पाच-पाच आकड्यांचे दोन गट, मध्ये मोकळी जागा. उर्दूत दुसरा गट आधी आला होता. इतके दिवस फोन कुण्या भलत्याच माणसाला जात असणार.

मुलीची चूक म्हणावी तर नंबर तिने बरोबरच टाइप केला होता. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण आकडे उर्दूतही डावीकडूनच वाचतो. दोन्ही दिशा एका ओळीत आल्या की ब्राउझर युनिकोडच्या नियमाने मांडणी करतो. सलग दहा आकडे शाबूत राहतात, मध्ये जागा सोडली की गट आपापसांत जागा बदलतात. उपाय एका ओळीचा. नंबराभोवती ‘स्पॅन’ टॅग घालायचा आणि त्याला ‘डीआयआर’ म्हणजे दिशा ‘एलटीआर’, डावीकडून उजवीकडे, अशी द्यायची. उर्दूच्या परिच्छेदाला ‘आरटीएल’ दिलेले नसेल तर वाक्याच्या शेवटची खूणही भलत्या टोकाला जाऊन बसते.

हे तिला वर्गात कुणी सांगितले नव्हते. तिथे चौकोन ओढून पान जुळवणारे सॉफ्टवेअर शिकवले, आतला कोड उघडलाच नाही. मग आम्ही तो उघडला. अब्बाही खुर्ची ओढून बसले. त्यांना मी म्हटले, एचटीएमएल म्हणजे कटिंग आणि शिलाई, कुठला तुकडा कुठे. सीएसएस म्हणजे वॉश, रंग आणि फिनिशिंग. जावास्क्रिप्ट म्हणजे चेन, जी हलते. ते हसले, पण समजले.

सीएसएसमध्ये आणखी एक दुरुस्ती निघाली. नस्तालीक अक्षरे तिरकी उतरतात, त्यांना ओळींमध्ये जास्त अंतर लागते. ते नसल्याने नुक्ते वरच्या ओळीला चिकटत होते. ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फॉन्ट घेतला, ‘लाइन-हाइट’ वाढवली. दरांचे उर्दू पत्रक तिने फोटो म्हणून लावले होते, तेही टाइप करायला सांगितले. फोटोतली अक्षरे शोधात सापडत नाहीत. अरबी लिपीत सिंधी लिहिणाऱ्या आपल्या उल्हासनगरच्या शेजाऱ्यांनाही हीच दिशेची अडचण येत असेल.

ज्यांच्या घरी मुले हे शिकतात त्यांनी क्लासला फी भरण्याआधी एकच विचारावे: कोड हाताने लिहायला शिकवता का? ‘व्हीएस कोड’ हे लिहिण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि साधे पान ‘गिटहब पेजेस’वर विनाशुल्क ठेवता येते.

दुरुस्तीनंतर उर्दूच्या ओळीतला नंबर मी माझ्या फोनवरून लावला. अब्बांच्या खिशात रिंग वाजली. धाकटीचे विचारले, तर म्हणाले, “बघू, मॅडम.”