वर्ग सजवू या, पण कोणासाठी?



सध्या आपल्या शाळेत एकच विषय चालू आहे. पहिली-दुसरीचा वर्ग सजवायचा. १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. २०१५ सालापासून आपल्या राज्यात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी पाहुणे येणार, पालक येणार. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने दोन हजार रुपये मंजूर केले आहेत आणि सजावटीचे काम आम्हा सातवीच्या मुलांकडे दिले आहे. लहान मुलांना वाचनाची गोडी लागावी असा वर्ग करा, असे गुरुजींनी सांगितले आहे.

आता वर्गात दोन तट पडले आहेत. बऱ्याच जणांचे म्हणणे, भिंतीवर रेल्वेगाडी रंगवावी, मोठा फ्लेक्स लावावा, प्लॅस्टिकची फुले आणि पताका सोडाव्यात. माझे मत वेगळे आहे. तोंडी सांगायला गेले की गलका होतो, म्हणून या भित्तिपत्रकात लिहिते आहे. शांतपणे वाचा आणि मग ठरवा.

पहिली गोष्ट अशी की, वर्ग पाहुण्यांसाठी सजवायचा का वाचणाऱ्यांसाठी? पाहुणे येतील, वा वा म्हणतील, चहा घेऊन जातील. पहिलीची पोरं मात्र वर्षभर तिथं बसणार आहेत. आत्ता त्या वर्गात काय आहे ते जरा बघा. तक्ते आहेत, चांगले रंगीत आहेत, पण फाटू नयेत म्हणून पार वर, आढ्याजवळ टांगलेत. मोठ्या माणसाला मान वर करून वाचावे लागते, मग पहिलीच्या पोराला काय दिसणार? गोष्टीची पुस्तके आहेत, पण ती कपाटात, आणि कपाटाला कुलूप. म्हणजे ताट मांडलंय, पण माळ्यावर!

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की सजावट हाताला लागली पाहिजे. जे पुस्तक मुलाला दिसते, उचलता येते आणि घरी नेता येते, तीच वाचनाच्या वर्गाची खरी सजावट. बाकी रंग त्याच्या मागून.

आता रेल्वेगाडीचे बघू. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर रेल्वेचे डबे रंगवलेले असतात. लांबून शाळा छान दिसते, पोरांना आत यावेसे वाटते, हे मलाही मान्य आहे. पण आगगाडीच्या शाळेची जी खरी गोष्ट आहे ती काय सांगते? जपानमध्ये तोक्यो शहरात तोमोई नावाची शाळा होती. सोसाकु कोबायाशी हे तिचे मुख्याध्यापक. तिथले वर्ग खरोखरच्या जुन्या रेल्वे डब्यांत भरत. तेत्सुको कुरोयानागी त्या शाळेत शिकल्या आणि त्यांनी तिच्यावर ‘तोत्तोचान’ हे पुस्तक लिहिले. ते १९८१ साली निघाले, मराठीतही आले आहे. त्यात एका नव्या डब्याची हकिगत आहे. तो डबा शाळेत आणला आणि त्याचे वाचनालय केले. कोणत्याही इयत्तेच्या मुलाने कोणतेही पुस्तक घ्यावे, घरी न्यावे, अशी मोकळीक होती. म्हणजे गंमत नुसत्या डब्याची नव्हती, डब्याच्या आत जे होते त्याची होती. १९४५ साली महायुद्धात बॉम्ब पडून ती शाळा जळाली. डबे गेले. पुस्तक राहिले, म्हणून आज आपल्याला ती शाळा कळते. आपण भिंतीवर डबे काढायचे आणि पुस्तके कुलपात ठेवायची, हे उलटेच झाले की नाही?

शिवाय आपल्या गावात रेल्वे कुठे आहे? पहिलीतल्या कितीतरी मुलांनी ती पाहिलेली सुद्धा नाही. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी अक्षराकडे जावे, असे गुरुजी नेहमी सांगतात. मग आपली ओळखीची गाडी कोणती? एस.टी.! १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून खेडोपाडी किती माणसांनी एस.टी.ची पाटी वाचून अक्षरे पक्की केली असतील! पाटी वाचता आली नाही तर गाडी चुकते. वाचण्याची गरज माणसाला तिथं कळते.

तर माझी सूचना अशी की, पहिली-दुसरीच्या वर्गाचा आपण एस.टी. स्टँड करू या. कसा, ते सांगते.

किराणा दुकानातून साबणाची आणि बिस्किटांची रिकामी खोकी मागून आणायची. पुढची बाजू निम्मी कापायची, म्हणजे पुस्तकाचे चित्र समोरून दिसेल. तीन-तीन खोकी एकमेकांना चिकटवली, वरून जुना कागद लावून गेरू फासला, की झाला फलाट. फलाट जमिनीलगत, पहिलीच्या पोराच्या छातीपेक्षा उंच नको. फलाट क्रमांक १, २, ३, ४. प्रत्येकावर पुठ्ठ्याची पाटी. ‘गोष्टीनगर, मार्गे चित्रवाडी’. ‘कवितापूर’. ‘विज्ञानगड, मार्गे का-कसे’. ज्याला जिथं जायचं त्यानं तिथली गाडी पकडायची, म्हणजे पुस्तक घ्यायचं.

भिंतीला दोन खिळे ठोकून सुतळी बांधायची आणि पातळ पुस्तके कपड्याच्या चिमट्यांनी लावायची. ही ‘जादा गाडी’, नवीन पुस्तकांसाठी. एका कोपऱ्यात गोणपाट अंथरायचे, तो ‘विनंती थांबा’. तिथं बसून लहान मुलाने कोणालाही विनंती करावी, मला ही गोष्ट वाचून दाखव. सातवीच्या मुलांनी पाळीपाळीने मधल्या सुट्टीत तिथं हजर राहायचे. दाराजवळ ‘चौकशी’ची खिडकी, तिथं पुस्तकांची नोंदवही. आणि तिकीट? घरोघरी जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतो. त्यांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, मागे मुलाचे नाव लिहायचे. तीच पुस्तकात खूण म्हणून ठेवायची.

सगळ्यात महत्त्वाची ती ‘मुक्कामी गाडी’. संध्याकाळी गावात येते, रात्री मुक्काम करते आणि सकाळी परत जाते, ती मुक्कामी एस.टी. आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तसे रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पुस्तक मुक्कामाला जाईल आणि सकाळी परत येईल. ज्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक नाही, त्या घरात रोज रात्री एक पुस्तक असेल. दोन हजारांच्या पताका लावून हे होणार आहे का?

आता खर्च. तालुक्याच्या दुकानात विचारून मी हिशेब मांडला आहे.

सुतळी दोन गुंड्या : ६० रुपये
चिमटे दोन डझन : ८० रुपये
गेरू दोन किलो : १०० रुपये
खळीसाठी मैदा : २५ रुपये
कार्डशीट दहा : १०० रुपये
मार्कर पेन चार : १०० रुपये
चिकटपट्टी : ३५ रुपये
एकूण : ५०० रुपये

खोकी, गोणपाट, लग्नपत्रिका फुकट. चित्रांसाठीही महागडे रंग नकोत. वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने चित्रे काढत आले आहेत. त्याच चित्रांसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पीठ आणि माती घेऊन माणूस तिथवर गेला, तर आपल्याला निदान एक एस.टी. काढता येईल. थर्मोकोलचे तर नावच काढू नका. २०१८ साली शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातलेली आहे. शाळेनेच नियम मोडला तर पोरांनी काय शिकायचे?

म्हणजे दीड हजार रुपये शिल्लक राहतात. त्याची पुस्तके घ्यावीत. पहिलीसाठी मोठ्या अक्षरांची पातळ चित्रपुस्तके आणि मोठ्यांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक, जे १९७१ पासून निघते आहे.

स्वस्त म्हणजे हलके, असे कोणी समजू नये. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी मुलांसाठी परदेशी महागडी साधने त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले, माती घेतली आणि त्यांतून मोजणे, रंग ओळखणे शिकवले. देशाने पुढे ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री दिली. आवारातल्या चिंचेचे चिंचोके आपण रोज पायाखाली तुडवतो, त्यांनी पुठ्ठ्यावर मुळाक्षरे चिकटवता येणार नाहीत का?

सजावट आणि पुस्तके एकत्र कशी नांदतात, हे सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाने दाखवले आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. सुरुवातीला २५ ठिकाणी, घरांत आणि देवळातसुद्धा, पुस्तके ठेवली. कुठे कथा, कुठे कविता, कुठे इतिहास. भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रे. पण चित्र बघून माणूस आत गेला की पुस्तक उघडे मिळते, कुलूपबंद नाही. चित्र म्हणजे आमंत्रण, जेवण आत.

आता माझ्या सूचनेवर जो आक्षेप येणार तो मला ठाऊक आहे. पुस्तके उघडी ठेवली तर फाटतील, हरवतील. भरून कोण देणार? हा प्रश्न खोटा नाही. पुस्तके नोंदवहीत चढलेली असतात आणि हिशेब गुरुजींना द्यावा लागतो. त्यांना बोल लावून चालणार नाही. म्हणून समितीला माझी नम्र विनंती आहे. वापरून फाटलेल्या पुस्तकाबद्दल गुरुजींना किंवा मुलांना दंड होणार नाही, असा ठराव सभेत लिहून घ्यावा, आणि अगदी निकामी पुस्तकांचे वर्षातून एकदा नियमाने निर्लेखन करावे. सुटलेली पाने चिकटवायचे आणि पुठ्ठे बांधायचे काम आम्ही सातवीची मुले दर शनिवारी करू. आमच्यानंतर पुढची सातवी करील. आणि खरे सांगू का, कपाटातल्या पुस्तकांनाही वाळवी लागतेच. वाळवीने खाण्यापेक्षा पोरांनी हाताळून फाटलेले काय वाईट?

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातही लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तके असावीत. म्हणजे गोष्टीचे पुस्तक ही चैन नव्हे, तो पहिलीच्या पोराचा हक्क आहे. आणि हक्काला कुलूप लावायचे नसते.

शेवटी पालकांना एक सांगणे आहे. आमच्या वाडीतल्या काही मावश्या म्हणतात, आम्हाला वाचता येत नाही, पुस्तक घरी आणून आम्ही काय करायचं? मावशी, तुम्ही फक्त जवळ बसा आणि ‘वाच बघू’ म्हणा. पोरगं अडखळलं तर हसू नका, रागावू नका. आणि तुम्हाला वाचता येत नसलं तरी सांगता येतं की! जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, आजीच्या गोष्टी तुमच्याजवळ आहेत. एखाद्या शनिवारी ‘विनंती थांब्या’वर येऊन बसा आणि सांगा. आम्ही लिहून घेऊ, कागद दुमडून त्याचे पुस्तक करू, वर तुमचे नाव घालू. आपल्या आईचे नाव पुस्तकावर बघून कोणते पोर ते वाचल्याशिवाय राहील?

तेव्हा १५ ऑक्टोबरच्या आधी दोन्ही गोष्टी पालकसभेपुढे ठेवाव्यात आणि हात वर करून निकाल लावावा. बहुमताने रेल्वे ठरली तर मीही ब्रश घेऊन येईन, रुसून बसणार नाही. फक्त एक अट मान्य करा. भिंतीवर रेल्वे असो की एस.टी., कपाटाची किल्ली त्या दिवसापासून वर्गाबाहेर जाता कामा नये.

एवढे लिहून माझे चार शब्द पुरे करते. काही कमी-जास्त वाटल्यास खालच्या कोऱ्या कागदावर आपले मत जरूर लिहा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी